धारावी बेटाची सायकल फेरी: भाईंदरकडून जा, मनोरीहून परता

मुंबई महापालिकेच्या हद्दीत दोन गावं अशी आहेत, की तिथे रस्त्याने जायचं तर आधी मुंबई सोडून ठाणे जिल्ह्यात शिरावं लागतं. गोराई आणि मनोरी. खाडीच्या अलीकडे उभं राहिलं की समोर दिसतात, पण खाडीवर पूल नाही. रस्ता येतो तो दहिसर, काशीमिरा, भाईंदर, उत्तन असा भला मोठा वळसा घालून. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला आणि दक्षिणेला गोराई-मनोरीची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, आणि भाईंदरच्या बाजूला जेमतेम जमीन चिकटलेली. जुन्या नोंदींत ही सगळी पट्टी धारावी बेट म्हणून येते. शहरातली धारावी वेगळी, ही वेगळी.

मी बोरिवलीत बाभईला राहते आणि शाळेत भूगोल शिकवते. मुंबईच्या उपनगरांतून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी परत यायचं असेल, तर समुद्राकाठची इतकी चांगली सायकल फेरी दुसरी नाही असं माझं ठाम मत आहे. बोरिवली ते बोरिवली साधारण ४५ ते ५० किलोमीटर होतात. त्यात महामार्ग आहे, मिठागरं आहेत, कोळीवाडे आहेत, एक खडा चढ आहे आणि शेवटी खाडी ओलांडायला बोट आहे.

बहुतेक मंडळी दोनपैकी एक करतात. भाईंदरहून उत्तनला जाऊन त्याच रस्त्याने परत येतात, किंवा पहाटे मनोरीसमोरच्या, मालाडकडच्या मार्वेहून बोट धरून उलट्या दिशेने फिरतात. मी सांगेन, दोन्ही नको. आधी भाईंदर, मग उत्तन, गोराई, मनोरी आणि बोट सगळ्यात शेवटी. असं का, त्याची कारणं वाऱ्यात आणि पाण्यात आहेत, ती आधी नीट समजून घ्या.

वारा आणि भरती

पावसाळा सरला की मे महिन्यापर्यंत आपल्या किनाऱ्यावर वाऱ्याचा रोजचा क्रम जवळपास ठरलेला असतो. पहाटे जमीन गार, समुद्र त्या मानाने उबदार, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तोही मंद. ऊन चढलं की जमीन तापते आणि दहा-अकराच्या सुमाराला समुद्रावरून वारा सुरू होतो. हा खारा वारा वायव्येकडून येतो आणि दुपारी चांगलाच जोर धरतो. उत्तन ते मनोरी हा रस्ता उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतो. म्हणजे सकाळ वर आल्यावर तुम्ही या रस्त्यावर असाल, तर वारा पाठीशी असतो. उलट दिशेने आलात तर थकलेल्या पायांनी तोच वारा छातीवर घ्यावा लागतो. समुद्राकडचा वारा अंगावर आला की सपाट रस्ताही चढासारखा लागतो, हे ज्यांनी सायकल चालवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

आता पाणी. मनोरी आणि मार्वे यांच्यामधली बोट भरतीला एक असते आणि ओहोटीला एक. पाणी भरलेलं असताना बोट धक्क्याला बरोबरीने लागते आणि सायकल सरळ ढकलून आत घेता येते. मोठ्या ओहोटीला पायऱ्यांचा खालचा, शेवाळलेला भाग उघडा पडतो. तिथे क्लीटवाले, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे कडक तळाचे बूट घालून खांद्यावर सायकल घेणं म्हणजे घसरून पडायला आमंत्रण.

भरतीची वेळ मोबाइलवर मिळते, पण किनाऱ्यावरची माणसं ती तोंडी काढतात आणि तुम्हीही काढू शकता. तिथीची पाऊणपट करायची, जे येईल ती भरतीची वेळ. पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या सुमाराला भरती. प्रतिपदेपासून मोजायला सुरुवात करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. मी एकदा उत्तनला सुके बोंबील घेताना विचारलं, "मावशी, आज पाणी कधी भरतंय?" त्यांनी हातातलं काम न थांबवता सांगितलं, "आज पंचमी ना? मग पावणेचार." पाच पाऊणे पावणेचार. शाळेत मी हा हिशेब फळ्यावर लिहून शिकवते, त्या तो न मांडता सांगतात, कारण त्यांच्या घरची डोल जाळी भरती-ओहोटीच्या प्रवाहावरच चालते.

भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. भाईंदरकडून निघालेला माणूस मनोरीला साडेदहा-अकरापर्यंत पोहोचतो. म्हणून दिवस निवडताना पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचा रविवार बघा. द्वादशीपासून पुढच्या द्वितीयेपर्यंत कुठलाही दिवस चालेल, अकरा वाजता खाडीत भरपूर पाणी असतं. हेच दिवस उधाणाचे, त्यामुळे या दिवसांत पहाटे सहाला मार्वेहून निघणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यात खोल ओहोटी येते. माझा उलट दिशेला विरोध आहे तो यासाठीही. अष्टमीच्या आसपास मात्र भांगाची भरती असते. तेव्हा ओहोटी बाराच्या सुमाराला येते खरी, पण पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही, त्यामुळे निभावतं. गैरसोयीच्या तिथी तृतीया ते पंचमी. त्या दिवशी उत्तनला जरा जास्त रेंगाळा आणि मनोरीला साडेअकरानंतर पोहोचा.

तयारी

सायकल कुठलीही चालेल, फक्त गिअर असलेली असावी आणि टायर अगदी सुईसारखे अरुंद नसावेत. माझी साधी हायब्रिड आहे, ३२ मिमीच्या टायरची. गावांतले गतिरोधक, पेव्हर ब्लॉक आणि धक्क्यावरची खडबडीत फरशी याला तीच रुंदी बरी पडते. मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा दिवा हवाच, पहिला तास अंधारातला आहे. सोबत एक जास्तीची ट्यूब, टायर लिव्हर, छोटा पंप. उत्तन सोडल्यावर पंक्चरवाला मिळेल या भरवशावर राहू नका, ट्यूब स्वतः बदलता आली पाहिजे. पाण्याच्या दोन बाटल्या आणि बोटीसाठी सुटे पैसे. बोटीत माणसाचं आणि सायकलचं तिकीट वेगवेगळं असतं, रक्कम किरकोळ असते, पण पाचशेची नोट पुढे केलीत तर मागच्यांचा खोळंबा होतो.

एक घट्ट झाकणाचा डबाही घ्या. तो कशाला, ते उत्तनला कळेल.

पहाटे बोरिवली ते भाईंदर

सव्वापाचला निघा. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून पश्चिम द्रुतगती महामार्गाने उत्तरेला. या वेळेला रिक्षा आणि गाड्या कमी, पण ट्रक आणि बस असतात आणि रस्ता मोकळा म्हणून त्या वेगात असतात. कायम डाव्या कडेला राहा, उड्डाणपूल जिथे टाळता येतो तिथे खालच्या रस्त्याने जा. दहिसर नाक्याच्या आधी गाड्या ऐन वेळी रांग बदलतात, तिथे मी वेग मुद्दाम कमी करते. नाका ओलांडला की मुंबई संपली.

काशीमिरा नाक्याला डावीकडे वळायचं आणि मेट्रोच्या खांबांच्या सोबतीने भाईंदरपर्यंत जायचं. या भागाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. रेल्वे ओलांडून भाईंदर पश्चिमेला आलात की थांबून चहा-वडा घ्या. हे खाणं टाळू नका, पुढे चढ आहे.

मिठागरं आणि डोंगरी

भाईंदर पश्चिमेच्या इमारती मागे पडतात आणि मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकामागून एक लागतात. रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना कौलारू घरं आणि नव्या इमारती एकमेकींत घुसलेल्या, आणि मधूनमधून एकदम मोकळं रान. ती मिठागरं. हिवाळ्यात उजाडताना इथे पोहोचलात तर वाफ्यांमधल्या उथळ पाण्यात लांब लाल पायांचे शेकाटे आणि बगळे चरताना दिसतात. मिठाचे वाफे कसे चालतात ते जाता जाता बघून घ्या: भरतीचं पाणी आधी मोठ्या वाफ्यात घेतात, उन्हाने ते आटत आटत खारट होत जातं आणि पुढच्या लहान वाफ्यांत सरकवतात, शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. बांधावर सायकल घालू नका. ते बांध मातीचे असतात, चाकाने खचतात आणि ते पुन्हा कुणाला तरी हाताने लिंपावे लागतात.

पुढे डोंगरी. नावाप्रमाणेच रस्ता वर-खाली होऊ लागतो. इथून उत्तनपर्यंत सकाळी शहर बसगाड्या आणि मासळीचे टेम्पो दोन्ही जोरात असतात. वळणावर कधीही दोघं शेजारी शेजारी चालवू नका.

रविवारी सकाळी या गावांत चर्च सुटतं तेव्हा सगळा रस्ता माणसांनी भरतो. इथली बहुतेक वस्ती ख्रिस्ती कोळ्यांची, घरात आणि दारात बोलणं मराठीत. घंटी वाजवत वाट काढू नका. उतरा, चालत जा, दोन मिनिटांत गर्दी पांगते.

उत्तन

उत्तन नाक्याला गोराईचा रस्ता दक्षिणेला वळतो. तिकडे लगेच वळू नका. आधी समुद्राकडे, पाली आणि भाटेबंदरच्या बाजूला जा. वेलंकणी मातेचं तीर्थस्थान समुद्राला लागून आहे, तिथे वाट सोपी आहे. नोव्हेंबर ते मे या काळात गेलात तर किनाऱ्यावर बांबूंच्या उंच चौकटी दिसतील, त्यांवर दोरांच्या रांगा ताणलेल्या. या वलांडी. दोरांवर बोंबील तोरणासारखे लटकलेले असतात.

जरा थांबून हे काम बघाच. ओला बोंबील अंगाने लिबलिबीत, जवळजवळ पाणीच. बाई टोपलीतून दोन बोंबील उचलते, एकाचा जबडा उघडते, दुसऱ्याचा जबडा त्यात अडकवते आणि ती जोडी दोरावर टाकते, एक अलीकडे, एक पलीकडे. गाठ नाही, खिळा नाही. बोंबलाचे दात आत वळलेले आणि बारीक असतात, त्यामुळे एकदा अडकलेला जबडा वाऱ्याने सुटत नाही. तुम्ही बघता बघता हातभर दोर भरतो. दोन-तीन दिवस ऊन-वारा मिळाला की तोच मासा काडीसारखा कडक होतो. त्या मधल्या दिवसांत अवकाळी पाऊस पडला, तर वलांडीवरचा सगळा माल खतावारी जातो. डिसेंबरातल्या एका ढगाळ सकाळी मी इथे आले होते, तेव्हा सगळ्या बायका हातातलं टाकून आकाशाकडे बघत दोर रिकामे करत होत्या. त्या वेळी फोटो काढणं शक्यच नव्हतं, आम्ही सायकली भिंतीला टेकवून टोपल्या उचलायला लागलो.

म्हणून दोन गोष्टी पाळा. जवळा जमिनीवर, कधी कधी रस्त्याच्या कडेच्या सिमेंटवरही पसरलेला असतो, त्यावरून चाक जाता कामा नये. आणि फोटो काढायच्या आधी विचारा. विचारलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही.

डबा आणला आहे तो इथे उघडायचा. सुके बोंबील, जवळा, वाकटी, जे आवडतं ते थेट वाळवणाऱ्या बाईकडून घ्या. बोंबील वाकवून बघा, वाकला तर अजून ओला आहे, कडकन मोडला तर झाला. घासाघीस करू नका. एक जून ते ३१ जुलै समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्या दिवसांत या घरांचा मोठा आधार हीच सुकी मासळी असते.

वेळ हाताशी असेल तर उत्तरेला चौक या गावापर्यंत जा. बेटाचं ते टोक. समोर वसईची खाडी समुद्राला मिळते आणि पलीकडे वसईचा किल्ला. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी आधी हे धारावी बेट घेतलं आणि मग वसई पडली. चौकला उभं राहिलं की हा क्रम का, ते नकाशा न उघडता कळतं: ज्याच्या ताब्यात हे टोक, त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय खाडीत गलबत शिरू शकत नाही. मी माझ्या वर्गातल्या मुलांना हे सांगते तेव्हा फळ्यावरची वसई त्यांना परकी वाटते, इथे आणलं की प्रश्नांचा भडिमार होतो. चौकला जाऊन-येऊन फेरी थोडी लांबते, त्याचा वेळ आधीच धरा.

चढ आणि गोराई

आता नाक्यावर परत येऊन गोराईचा रस्ता. फेरीतला खरा चढ इथे आहे. लांबी फार नाही, पण मध्ये दम घ्यायला सपाटी मिळत नाही. चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाका. चढावर जोर लावलेला असताना पेडलजवळचा, पुढच्या चकत्यांचा गिअर बदलायला गेलात तर चेन उतरते. बसूनच चढा, पायांची फेरी एका लयीत ठेवा, आणि नाहीच जमलं तर उतरून ढकला, त्यात कमीपणा काही नाही. या डोंगरावर कचऱ्याची जागा आहे आणि वारा तसा असला तर वास येतो. काही वेळापूर्वी मिठागरांवर शेकाटे बघितलेले असतात, म्हणून तो वास मला दरवेळी जास्तच झोंबतो.

न्यायिक अकादमी आणि केशवसृष्टी याच रस्त्यावर आहेत, झाडी चांगली आहे. उतारावर दोन्ही ब्रेक सारखे लावा आणि वळणांवर वाळू पसरलेली असते ती डोळ्यांत ठेवा. सुट्टीच्या दिवशी समोरून बीचवर निघालेल्या मोटारसायकली येतात, बऱ्याचदा रस्त्याच्या मधोमध. उतारावर कमावलेला वेग वळणाच्या आधी सोडून द्या.

एस्सेल वर्ल्ड २०२२ पासून बंद आहे, त्यामुळे या रस्त्यावरची पूर्वीची बसगाड्यांची रांग आता नाही. जवळच विपश्यना पॅगोडा आहे, २००९ साली खुला झालेला. त्याच्या घुमटाखाली एकही खांब नाही आणि ८००० माणसं बसू शकतात. बघण्यासारखा आहे, पण घामेजल्या कपड्यांत, घाईत बघण्यासारखा नाही. त्यासाठी वेगळा दिवस काढून बोरिवलीहून गोराईच्या बोटीने या.

ज्यांना चढानंतर पाय जड वाटतायत त्यांनाही तीच बोट सोयीची आहे. गोराईच्या धक्क्यावरून सरळ बोरिवली गाठता येते आणि फेरी बरीच आखूड होते. पहिल्यांदाच येणाऱ्यांना मी हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे कुणी ओढाताण करत नाही.

मनोरी आणि बोट

गोराई ते मनोरी हा माझ्या मते सगळ्या फेरीतला सर्वात सुखाचा तुकडा. रस्ता सपाट, बाजूला ताड-माड, वाड्या, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांची जुनी घरं, ओसरीवर लाकडी कठडे. वारा आता पाठीमागून. वेग आपोआप वाढतो आणि नेमका इथेच तो आवरायचा असतो, कारण घरांचे दरवाजे थेट रस्त्यावर उघडतात. मुलं, कोंबड्या, आणि सावलीतून मध्येच उठणारी कुत्री. गावठाणात मी सायकल चालण्याच्या वेगाच्या जरा वरच ठेवते.

धक्क्यावर मोटारसायकली आणि सायकली एकाच रांगेत असतात. आधी माणसं उतरू द्या. चढताना सायकलच्या डाव्या बाजूला राहा, म्हणजे चेनचं वंगण अंगाला लागत नाही आणि दोन्ही ब्रेक हाताशी राहतात. बोटीत सायकल रेलिंगला टेकवून स्वतः धरून उभं राहा, स्टँडवर सोडू नका, लाटेने ती शेजारच्याच्या पायावर पडते. प्रवास काही मिनिटांचाच. पावसाळ्यात किंवा वारा फार असेल तेव्हा बोट उशिरा सुटते किंवा थांबते. अशा दिवशी ही फेरी काढूच नका, कारण बोट नाही तर सगळा वळसा पुन्हा उलटा मारावा लागतो. तसाही पावसाळ्यात वलांडी रिकाम्या असतात आणि उताराला शेवाळ धरतं. फेरीचे खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिलमध्ये जायचं तर अर्धा तास आधी निघा, तिथीचं गणित मात्र त्याप्रमाणे पुन्हा करा.

मार्वेला उतरलात की मार्वे रोडने मालवणीतून मीठ चौकी. हा तुकडा दुपारी गजबजलेला असतो. रिक्षा उजवीकडून येऊन डावीकडे थांबतात, बसथांब्यांजवळ सावध राहा. मीठ चौकीला डावीकडे वळून लिंक रोड धरला की चारकोप, कांदिवली, बोरिवली.

घरी पोहोचल्यावर आधी पाणी प्या आणि मग लगेच सायकलकडे वळा. खारी हवा, धक्क्यावरचं पाणी आणि मासळीच्या रस्त्यावरचा ओलावा, यांनी चेन रात्रीत गंजते. साध्या गोड्या पाण्याने सायकल पुसून घ्या, नळीचा जोराचा फवारा मारू नका, चाकाच्या मधल्या हबमध्ये पाणी शिरतं. चेन फडक्याने कोरडी करा, ऊन असेल तर थोडा वेळ उन्हात ठेवा आणि पूर्ण सुकल्यावरच प्रत्येक कडीवर थेंब थेंब तेल सोडा. जास्तीचं तेल पुसून काढा, नाहीतर पुढच्या फेरीला त्यावर वाळू बसते. बोंबील डब्यातून काढून एक दिवस पुन्हा उन्हात टाका आणि मगच बरणीत भरा.